ओझे कोणाचे उतरले?

मुलाच्या खांद्यावरचे ओझे उतरवावे का, असे विचारले तर कोणतीही आई 'उतरवावे' असेच म्हणेल. पण ते ओझे वाचनलेखनाचे असेल, ते उतरवण्याचा अधिकार सर्वस्वी तिच्याच हाती असेल आणि तिला रोजच्या रोज जाब विचारणारी शाळा वा मास्तर जवळपास कोणी नसेल, तर उत्तर इतके सोपे राहत नाही. अमेरिकेत आपल्या मुलांना घरीच शिकवणाऱ्या कॅथलिक कुटुंबांपुढे हा प्रश्न दर उन्हाळ्यात उभा राहतो. पुढच्या वर्षाची पुस्तके मागवण्याची वेळ येते, गतवर्षीच्या रडारडीची आठवण ताजी असते, आणि आईच्या मनात येते, भाषेचा अभ्यासक्रम यंदा जरा हलका घ्यावा काय?

आम्ही वसईत बसून या प्रश्नाची उठाठेव का करावी, असे कोणी विचारील. कारण साधे आहे. आमच्या धर्मग्रामातील काही कुटुंबे गेल्या पंचवीस-तीस वर्षांत तिकडे स्थायिक झाली. त्यांपैकी पेनसिल्व्हेनियात राहणारी एक माता नाताळात गावी आली असता तिने आम्हांस विचारले, "फादर, हलकं पुस्तक घेतलं तर तो आळस होईल का? कन्फेशनमध्ये सांगण्यासारखं काही आहे का त्यात?" ती हसत होती, पण प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. तिला तीन मुले. थोरली नऊ वर्षांची, मधला सात वर्षांचा, धाकटी चार. तिला तेव्हा जे थोडक्यात सांगितले ते येथे विस्ताराने मांडत आहो. ज्यांच्या घरी पाळणा हलत नाही त्यांनी पाळण्याविषयी बोलू नये, असे एखादा वाचक म्हणेल. मान्य. परंतु येथे प्रश्न मुलाला काय देणे लागतो याचा, म्हणजे न्यायाचा आहे, आणि न्यायाविषयी बोलण्यास ब्रह्मचाऱ्याला कोणी मज्जाव केलेला नाही.

येथील वाचकांना या गृहशिक्षणाची थोडी ओळख करून देणे इष्ट. अमेरिकेत मुलांना शाळेत न घालता घरी शिकवणे 1993 पर्यंत सर्व 50 राज्यांत कायदेशीर ठरले. तेथील केंद्र सरकारच्या पाहणीनुसार 1999 साली अशी मुले सुमारे साडेआठ लाख होती. 2012 साली ती अठरा लाखांच्या आसपास गेली. आणि 2020 च्या महामारीत, तेथील जनगणना खात्याच्या मते, मुले असलेल्या शंभर घरांपैकी अकरा घरे त्या शरद ऋतूत स्वतःला गृहशिक्षण देणारी म्हणवत होती. कॅथलिक कुटुंबांच्या बाबतीत आणखी एक कारण होते. 1960 च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेतील कॅथलिक शाळांत 52 लाख मुले शिकत. पुढे सिस्टर्सची संख्या रोडावली, पगारी शिक्षक आले, फी वाढली, शाळा मिटल्या. आज ती संख्या सतरा लाखांच्या घरात आहे. 1980 साली व्हर्जिनियात सुरू झालेल्या सेटन होम स्टडी स्कूलसारख्या संस्था टपालाने पुस्तके व पाठ पुरवू लागल्या, आणि जेवणाचे टेबल हीच वर्गखोली झाली. आपल्याकडेही मुंबई-पुण्यात अशी तुरळक कुटुंबे आहेत व त्यांतील काही मुले राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या परीक्षांना बसतात. परंतु हा प्रश्न ऐन भरात पाहायचा तर तो अमेरिकेतच पाहिला पाहिजे.

तिकडे प्राथमिक शाळेतील भाषेच्या विषयाला 'लँग्वेज आर्ट्स' म्हणतात. आपल्याकडे बालभारतीचे एक पुस्तक, एक वही आणि मागाहून व्याकरणाचे एक चोपडे एवढ्यावर निभावते. तिकडे या एका विषयाचे तुकडे करून प्रत्येक तुकड्याला स्वतंत्र पुस्तक दिलेले असते. अक्षरांचे उच्चार शिकवणारे फॉनिक्सचे वर्कबुक, स्पेलिंगचे वर्कबुक, हस्ताक्षराची वही, व्याकरण, शब्दसंग्रह, वाचनपाठ आणि त्यावरील प्रश्नांचे पुस्तक, निबंधरचना, शिवाय कवितांचे पाठांतर. प्रत्येकाला वीस मिनिटे धरली तरी आठ तुकड्यांची होतात 160 मिनिटे, म्हणजे दोन तास चाळीस मिनिटे. गणित, धर्मशिक्षण, इतिहास, विज्ञान यांचा अजून पत्ताच नाही. ही सारी एका मुलाची कथा. घरात शिकणारी मुले दोन असली, आणि तिसरे पायांत घोटाळत असले, म्हणजे आईची काय गत होत असेल ते सांगायला नको.

गंमत अशी की ही आठ पुस्तके एकमेकांची ओळख ठेवत नाहीत. व्याकरणाचे पुस्तक सोमवारी नाम शिकवते, शब्दसंग्रहाचे पुस्तक मंगळवारी तेच नाम निराळ्या नावाने विचारते, वाचनाचे पुस्तक बुधवारी त्याच नामाखाली रेघ ओढायला सांगते. मूल तिन्ही दिवस रेघा ओढते. शाळेत तीस मुलांना एका वेळी गुंतवून ठेवण्यासाठी जी युक्ती योजली गेली, ती एका मुलाच्या घरात जशीच्या तशी आणली गेली आहे. तेव्हा यांतले काही उतरवावे असे आईला वाटले तर तो विचार मुळात चुकीचा नाही.

मग नैतिक प्रश्न उरतो कोठे? तो पाहण्यासाठी आईचा हा अधिकार येतो कोठून, हे आधी पाहिले पाहिजे. मातापिता हेच मुलांचे पहिले व प्रमुख शिक्षक, असे द्वितीय व्हॅटिकन परिषदेने 1965 च्या शिक्षणविषयक घोषणापत्रात सांगितले व पोप जॉन पॉल दुसरे यांनी 1981 साली कुटुंबावरील आपल्या प्रबोधनपत्रात त्याचा पुनरुच्चार केला. हे आपल्याला प्रवचनांतून पुष्कळदा ऐकू येते. त्यामागची एक हकिकत मात्र फारशी सांगितली जात नाही. अमेरिकेतील ऑरेगन राज्याने 1922 साली असा कायदा केला होता की प्रत्येक मुलाने सरकारी शाळेतच गेले पाहिजे. सिस्टर्सच्या एका संघाने त्याविरुद्ध दाद मागितली आणि 1925 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्द केला. मूल ही केवळ राज्याची निर्मिती नव्हे, असा त्या निकालाचा आशय होता. चार वर्षांनी, 1929 मध्ये, पोप अकरावे पायस यांनी शिक्षणावर विश्वपत्र लिहिले तेव्हा त्यांनी एका परराष्ट्रीय दिवाणी न्यायालयाचा हा निकाल त्यात आवर्जून उद्धृत केला.

गृहशिक्षण देणारे पालक या निकालाचा आधार मोठ्या अभिमानाने घेतात. घ्यावा. परंतु त्याच तर्काची दुसरी पायरी चढण्यास ते कधी कधी विसरतात. मूल राज्याच्या मालकीचे नसेल, तर ते आईबापांच्याही मालकीचे नाही. आईबापांना अधिकार आहे तो मुलाचे काही देणे त्यांच्याकडे आहे म्हणून. ज्या भाषेत ते मूल पुढे कागदावर सही करील, प्रेम करील, भांडेल, प्रार्थना करील, स्वतःचा बचाव करील, ती भाषा त्याच्या स्वाधीन करणे हे त्या देण्यातील फार मोठे कलम आहे. भाषेचा अभ्यासक्रम हलका करणे ही म्हणून घरच्या पडद्यांचा रंग बदलण्यासारखी आवडीनिवडीची बाब राहत नाही. देणेकरी जेव्हा स्वतःच हिशेबाची वही लिहितो, तेव्हा त्याने दुप्पट सावध असावे.

संत थॉमस अक्वायनस यांनी 'सुम्मा' या आपल्या ग्रंथात अध्ययनशीलता नावाच्या एका सद्गुणाची चर्चा केली आहे. तिला त्यांनी संयमाच्या कुळात बसवले, याचे आम्हांस सेमिनरीत असताना नवल वाटत असे. अभ्यासाला संयम कशाला? अभ्यासाला हवा तो उत्साह! संत थॉमस यांचे उत्तर मोठे मार्मिक आहे. मनुष्याच्या आत्म्याला जाणण्याची हाव असते, आणि ती हाव वाटेल तिकडे धावते; तिला लगाम हवा. त्याच वेळी मनुष्याच्या देहाला कष्टांचा कंटाळा असतो, आणि तो कंटाळा जाणण्याच्या वाटेत आडवा येतो. तेथे टाच मारायला हवी. एकच सद्गुण, पण त्याचे एक काम आवरण्याचे व दुसरे रेटण्याचे. घोडा कोणता आहे व तो या घटकेला काय करीत आहे, हे पाहून स्वाराने लगाम की टाच ते ठरवावयाचे असते.

आमच्या प्रश्नाला ही विवेचना थेट लागू पडते. आठ पुस्तकांचा हव्यास हीदेखील एक अनावर हाव असू शकते. शेजारच्या घरातील मूल सहाव्या वर्षी क्रियाविशेषण ओळखते म्हणून आपल्याही मुलाने ओळखावे, शाळेत न घातल्याबद्दल नातेवाईक नावे ठेवतात म्हणून त्यांना थप्पीभर वर्कबुके दाखवता यावीत, ही हाव मुलाची नसते, आईची वा बापाची असते. उलट, पुस्तक हलके करण्यामागे निव्वळ देहाचा कंटाळा असेल, तर तेथे टाचेची गरज आहे. बाहेरून दोन्ही घरे सारखीच दिसतील. दोन्हीकडे टेबलावर चारच पुस्तके असतील.

संत ऑगस्टीन यांचे उदाहरण येथे आठवते, कारण या बाबतीत त्यांच्याइतके प्रामाणिक कोणी लिहिले नसेल. 'कन्फेशन्स'च्या पहिल्याच भागात ते सांगतात की लॅटिन भाषा ते लहानपणी दायांच्या लाडात, हसतखेळत, कोणत्याही भीतीवाचून शिकले. ग्रीक मात्र शाळेत, मास्तरांच्या धाकाने व छडीने शिकवली गेली आणि ती त्यांना कडू जहर झाली. भाषा शिकताना मोकळे कुतूहल हे भयाच्या जबरीपेक्षा अधिक बलवान असते, असा निष्कर्ष ते काढतात. हलक्या अभ्यासक्रमाचे पुरस्कर्ते येथवर वाचतात व पुस्तक मिटतात. पण ऑगस्टीन लगेच पुढे म्हणतात की त्या कुतूहलाच्या प्रवाहालाही बांध लागतो, आणि तो बांध देवाच्या नियमांतलाच आहे. आणि घडले काय तेही पाहावे: ग्रीक भाषेवर त्यांना कधी पुरे प्रभुत्व मिळाले नाही. पश्चिमेकडील ख्रिस्तसभेच्या सर्वांत थोर आचार्यांपैकी एकाला पूर्वेकडील आचार्यांच्या ग्रंथांसाठी बरेचसे भाषांतरांवर विसंबावे लागले. छडीने भाषा दुरावली हे खरे. पण दुरावलेल्या भाषेची किंमत आयुष्यभर मोजावी लागली हेही तितकेच खरे.

आता टेबलावरच्या थप्पीकडे वळू. काय उतरवता येईल आणि काय उतरवू नये, याबाबत आज केवळ मतांवर विसंबण्याचे कारण नाही.

पहिले, व्याकरणाची कोष्टके. लहान मुलांना शब्दांच्या जाती वेगळ्या काढून शिकवल्याने त्यांचे लेखन सुधारते, हा समज फार जुना आहे, आणि फार वेळा तपासला गेला आहे. अमेरिकेत 1963 साली ब्रॅडॉक व त्यांच्या सहकाऱ्यांनी तोवरच्या संशोधनाचा आढावा घेऊन सांगितले की औपचारिक व्याकरणाच्या अध्यापनाचा लेखनावर होणारा परिणाम नगण्य आहे. किंबहुना ते अध्यापन प्रत्यक्ष लिहिण्याचा वेळ खाते म्हणून अपायकारकही ठरू शकते. न्यूझीलंडमध्ये एली व त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन वर्षे मुलांचे निरनिराळे गट पाहून 1976 साली जवळपास तेच सांगितले. 2007 साली ग्रॅहम व पेरिन यांनी चौथी ते बारावीच्या मुलांविषयीचे प्रयोग एकत्र मांडले, तेव्हाही सुटे व्याकरण शिकवण्याचा लाभ दिसला नाही. दोन लहान वाक्यांचे एक मोठे वाक्य करण्याच्या सरावाचा मात्र दिसला.

हे लिहिताना आम्हांस थोडे वाईट वाटते, कारण व्याकरण आम्हांस प्रिय आहे. वाक्याचे तुकडे आडव्या-तिरप्या रेषांवर मांडण्याची जी पद्धत रीड व केलॉग या दोन अमेरिकन शिक्षकांनी 1877 च्या आपल्या पुस्तकात प्रचारात आणली, आणि जी तिकडच्या सिस्टर्सनी पिढ्यान्पिढ्या फळ्यावर गिरवून घेतली, ती एखाद्या अकरा-बारा वर्षांच्या मुलाला कोड्याइतकी रंजक वाटू शकते. प्रश्न वयाचा आणि हेतूचा आहे. आपल्या फादर स्टीफन्स यांचेच पाहा. या इंग्रज जेजुइटाने दोन प्रकारची पुस्तके लिहिली. एक 'ख्रिस्तपुराण', 1616 साली राचोल येथे रोमन लिपीत छापलेले, देवळांत मोठ्याने वाचले जावे व श्रद्धावंतांनी ऐकावे म्हणून ओव्यांत रचलेले. दुसरे कोकणी भाषेचे व्याकरण, पोर्तुगीजमध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर 1640 साली छापले गेलेले. व्याकरण होते समुद्र ओलांडून बाहेरून भाषेत शिरू पाहणाऱ्या प्रौढ मिशनऱ्यांसाठी. भाषेच्या आतच जन्मलेल्या लोकांसाठी त्यांनी पुराण रचले. सात वर्षांचे मूल भाषेच्या आत असते. त्याला आधी पुराण हवे.

आकलनाच्या प्रश्नांची पुस्तकेही बिनदिक्कत उतरवावीत असे आमचे मत आहे. त्यांच्याऐवजी काय करावे, ते शार्लट मेसन या इंग्रज शिक्षिकेने सांगून ठेवले आहे. त्या कॅथलिक नव्हत्या, अँग्लिकन होत्या. जन्म 1842, मृत्यू 1923. 'होम एज्युकेशन' हे त्यांचे पुस्तक 1886 चे. 1984 साली सुझन शेफर मॅकॉली यांच्या एका पुस्तकामुळे अमेरिकन पालकांचे त्यांच्याकडे पुन्हा लक्ष गेले, आणि पुढे कॅथलिक घरांनीही त्यांची पद्धत उचलली. ती थोडक्यात अशी. पाठ लहान असावा, आठ वर्षांखालील मुलाला वीस मिनिटांहून अधिक नको. चांगल्या, जिवंत पुस्तकातील उतारा एकदाच, मोठ्याने, नीट वाचावा. मग मुलाने तो आपल्या शब्दांत सांगावा. मध्ये टोकू नये. लिहिण्यासाठी चांगल्या गद्याच्या थोड्याच ओळी कित्त्यासारख्या गिरवाव्यात, पण निर्दोष. थोडे मोठे झाल्यावर आधी पाहून ठेवलेल्या उताऱ्याचे श्रुतलेखन करावे. निबंधाची घाई नऊ-दहा वर्षांपर्यंत करू नये.

हे ऐकायला फारच सोपे वाटते. करून पाहावे. मधल्या मुलाला दयाळू शोमरोन्याचा दाखला वाचून दाखवला, अशी कल्पना करू. वर्कबुक विचारते: रस्त्याने किती माणसे गेली? जखमांवर काय ओतले? मूल लिहिते: तीन, तेल व द्राक्षारस. दोन्ही बरोबर, पान उलटले. आता तेच मूल सांगू लागते तेव्हा काय होते? ते याजकाला विसरते, लेवीला मात्र रस्त्याच्या पलीकडच्या कडेने चालवते. जनावरावर जखमी माणूस बसला म्हणजे शोमरोनी पायी चालला असला पाहिजे, हे ते स्वतःच ताडते. दोन दीनारांपाशी ते थांबते आणि म्हणते, खाणावळवाल्याला वाटलं असेल, हा परत येईल की नाही कोण जाणे. पुस्तकात हे कोठेच लिहिलेले नाही. त्या तीन-चार मिनिटांत मुलाने क्रम लावला, कारण शोधले, एका माणसाच्या मनात शिरून पाहिले, आणि हे सर्व पूर्ण वाक्यांत केले. संत थॉमस म्हणत की गुरू हा वैद्यासारखा असतो. बरे करते ते रोग्याच्या देहातील निसर्गबळ, वैद्य त्याला साहाय्य करतो. शिकते ते मुलाचे स्वतःचे बुद्धिबळ. कथन म्हणजे त्या बळाला हातपाय हलवू देणे.

दोन गोष्टी मात्र हलक्या हाताने सोडू नयेत: फॉनिक्स आणि स्पेलिंग. आमच्या मराठी आया येथेच फसण्याचा संभव आहे. देवनागरीत जसे बोलावे तसे बहुतांशी लिहावे; ऱ्हस्व-दीर्घाची कटकट सोडली तर अक्षर ओळखले की शब्द वाचला. त्यामुळे 'मूल पुस्तकांत रमले की वाचन आपोआप येते' हे आपल्याला पटकन पटते. इंग्रजीची अक्षरे 26, ध्वनी सुमारे 44. 'दो', 'थ्रू', 'टफ', 'कॉफ' या चार शब्दांच्या शेवटी तीच चार अक्षरे येतात आणि चारही ठिकाणी त्यांचे उच्चार निराळे. अमेरिकन काँग्रेसच्या सांगण्यावरून नेमलेल्या राष्ट्रीय वाचन मंडळाने 2000 साली स्पष्ट सांगितले की अक्षर-ध्वनींचा संबंध क्रमवार शिकवल्याने लहान मुलांचे वाचन सुधारते. स्पेलिंगचेही तसेच. ग्रॅहम व सँटँजेलो यांनी 2014 साली अनेक प्रयोगांचा एकत्र अभ्यास केला, तेव्हा स्पेलिंग थेट शिकवणे हे नुसत्या वाचनावर सोडून देण्यापेक्षा फलदायी ठरले. रोज पंधरा मिनिटे पुरतात. पण ती रोजची असावीत.

तेव्हा 160 मिनिटांची सत्तर होऊ शकतात: स्पेलिंग वा फॉनिक्सची पंधरा, कित्ता वा श्रुतलेखनाची पंधरा, मोठ्याने वाचन व कथनाची पंचवीस, मुलाच्या स्वतःच्या वाचनाची पंधरा. मुलाची नव्वद मिनिटे मोकळी झाली. हा हिशेब पाहून ती माता खूश झाली. तिच्या आनंदावर विरजण घालणे आम्हांस भाग पडले.

वर्कबुक आईच्या जागी मुलाजवळ बसते. सकाळी थोरली व्याकरणाच्या रेघा ओढत असते तेव्हा आई धाकटीला भरवते, डाळ फोडणीला टाकते, फोन घेते. आठ पुस्तकांचा अभ्यासक्रम मुलाला जड असतो, पण आईला तो पुष्कळदा हलका पडतो. पान भरले की नाही एवढेच तिला पाहायचे असते. याच्या उलट, मोठ्याने वाचायला आवाज लागतो आणि बसावे लागते. कथन ऐकायला कान लागतो, आणि अर्धवट कानाने ऐकले तर मूल दोन दिवसांत ओळखते व तेही अर्धवट सांगू लागते. श्रुतलेखन कोणीतरी घालावे लागते. पुस्तके कमी केली की त्यांचे काम नाहीसे होत नाही, ते माणसाकडे येते. हलका अभ्यासक्रम निवडणाऱ्या आईने म्हणून पहिला प्रश्न हा विचारावा: माझ्या मुलाच्या खांद्यावरून उतरलेले हे ओझे मी माझ्या खांद्यावर घेणार आहे, की ते वाटेतच टाकून देणार आहे?

टाकून देणे नेहमीच दोषास्पद असते असे नाही. घरात बाळंतपण आहे, आजारपण आहे, नोकरी गेली आहे, देश बदलला आहे. अशा वर्षी फॉनिक्स, थोडे वाचन आणि रात्रीची प्रार्थना एवढे जरी चालू राहिले तरी ते त्या वर्षाचे पूर्ण कर्तव्य होय. अशक्याची सक्ती कोणावर नसते, हे नीतिशास्त्रातील जुने तत्त्व आहे. अशा मातांनी मनाला लावून घेऊ नये. आम्ही बोलत आहो ते धडधाकट वर्षांविषयी.

आणि येथे बापाचा विषय निघतोच. आमच्या पाहण्यात असे आले आहे की पुस्तके निवडण्याच्या चर्चेत बाप उपस्थित असतात आणि ती उघडण्याच्या वेळी अनुपस्थित. परिषदेने 'मातापिता' असा शब्द वापरला आहे. दिवसभर तीन मुलांना शिकवून थकलेल्या आईला संध्याकाळी पुन्हा मोठ्याने वाचायला लावणे हा तिच्यावर अन्याय आहे. रात्री जेवणानंतरची पंचवीस मिनिटे बापाची असावीत, त्याचे इंग्रजी उच्चार वसईचे असले तरी. मुलांना त्या उच्चारांची लाज वाटत असेल तर तोही घरात बोलून घेण्यासारखा विषय आहे.

मोकळ्या झालेल्या नव्वद मिनिटांचे काय? ती पडद्यासमोर गेली तर सारा व्यवहार तोट्यात गेला, हे सांगण्यास धर्मगुरूची गरज नाही. त्यांतील काही अंगणात जावीत. काही, आमच्या लोकांच्या बाबतीत, आजीच्या भाषेला मिळावीत. या मुलांची आजी घरात सामवेदी बोलते, देवळात मराठी ऐकते. नातवंडे तिच्याशी तुटक इंग्रजीत चार शब्द बोलून फोन आईच्या हाती देतात. इंग्रजी शब्दसंग्रहाचे एक वर्कबुक कमी होऊन त्या जागी आठवड्यातून तीनदा आजीशी वीस मिनिटे गप्पा झाल्या, तर मुलाचे भाषाशिक्षण कमी झाले असे कोण म्हणेल? कथन येथेही करता येते. नातवाने शोमरोन्याची गोष्ट आजीला सांगावी, जमेल तशा भाषेत. अडले तेथे आजी शब्द पुरवील.

एका धोक्याविषयी मात्र स्पष्ट बोलले पाहिजे. रेमंड व डोरोथी मूर या दांपत्याचे 'बेटर लेट दॅन अर्ली' हे 1975 चे पुस्तक गृहशिक्षण देणाऱ्या घरांत फार वाचले गेले. औपचारिक अभ्यासाची घाई करू नये, आठ वर्षांपूर्वी तर नकोच, असा त्याचा रोख. पुष्कळ मुलांना या उसंतीने काही अपाय होत नाही. पण वर्गात एक-दोन मुले अशी असतात की ज्यांना डिस्लेक्सिया असतो. अक्षर व ध्वनी यांची गाठ त्यांच्या मनात सहजी बसत नाही. त्यांना लवकर ओळखले, पद्धतशीर साहाय्य दिले, तर ती वाचू लागतात. वाट पाहत बसले तर वर्षे वाया जातात आणि मूल स्वतःला मठ्ठ समजू लागते. शाळेत, ती कितीही वाईट असो, दहा जणांचे डोळे मुलावर असतात. घरी दोनच असतात, आणि ते प्रेमाने अंध होऊ शकतात. हलका अभ्यासक्रम येथे घातक ठरतो, कारण जेथे मागणीच थोडी तेथे उणीव दिसत नाही. सात वर्षांचा मुलगा गोष्ट सुंदर सांगतो, कविता तोंडपाठ म्हणतो, पण साधे अनोळखी शब्द वाचताना पहिल्या अक्षरावरून अंदाज मारतो: हे लक्षण आईने दृष्टिआड करू नये. तीन महिन्यांतून एकदा मुलाने घराबाहेरच्या कोणा जाणत्या व्यक्तीसमोर न पाहिलेले पान वाचून दाखवावे. मावशी चालेल, धर्मग्रामातील निवृत्त शिक्षिका चालेल. शंका आली तर तज्ज्ञाकडे न्यावे. त्यात संकोच कसला?

कायद्याविषयी दोन शब्द, कारण ती माता तेही विचारत होती. पेनसिल्व्हेनियाचा 1988 चा कायदा प्राथमिक वर्गांना वर्षाचे 180 दिवस वा 900 तास मागतो. वाचलेल्या पुस्तकांची नोंद ठेवावी लागते, मुलाच्या कामाचे नमुने जपावे लागतात, तिसरी, पाचवी व आठवीत वाचन-भाषा आणि गणित यांची प्रमाणित परीक्षा द्यावी लागते, आणि वर्षअखेर एक मूल्यमापक मुलाची भेट घेऊन अभिप्राय देतो. किती वर्कबुके भरली, हे कोठेही विचारलेले नाही. कित्त्याची वही, श्रुतलेखनाचे कागद आणि आईने उतरवून घेतलेली मुलाची दोन-चार कथने हा तिच्या संग्रहाचा ऐवज होऊ शकतो. थोरली तिसरीत आहे, तेव्हा परीक्षेची पद्धत कळावी म्हणून आधी महिनाभर तिला तशा प्रश्नांचा सराव द्यावा; वर्षभर देऊ नये. टेक्सासमध्ये राहणाऱ्या तिच्या बहिणीची गोष्ट थोडी निराळी आहे. तेथे कोणी तपासायला येत नाही, पण 1994 च्या न्यायालयीन निकालानुसार घरच्या अभ्यासात पाच विषय असावे लागतात: वाचन, स्पेलिंग, व्याकरण, गणित व चांगले नागरिकत्व. म्हणजे आम्ही कपाटात ठेवायला सांगितलेले व्याकरणाचे पुस्तक त्या घरी आठवड्यातून एकदा तरी बाहेर काढावे लागेल.